‘मगाशी तर चालत होतात ना!’ : नौपाड्यातल्या एका घरातला कंपवात

मी ठाण्यात फिजिओथेरपी करते, निम्मं काम आता पेशंटच्या घरी जाऊनच असतं. हे प्रकरण कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, एका पेशंटचं, त्या काका-काकूंना विचारून लिहितेय. नाव, बिल्डिंग, डॉक्टर, काहीच टाकत नाहीये. काका एवढंच म्हणाले की माझं नाव नको, पण बाकी सगळं खरं लिही, तुझं पण. ते ‘तुझं पण’ का म्हणाले ते लगेचच येईल.

काका आता ७१ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते, कॉम्प्युटर यायच्या आधीपासूनचे, ड्रॉइंग बोर्डसमोर उभं राहून हातानं मशीनच्या पार्टची ड्रॉइंग काढायचे. अक्षर तर असं की बिल्डिंगच्या बोर्डवरची प्रत्येक नोटीस त्यांच्याच हातची असायची. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात काकू, ऐरोलीला आयटीत असलेला मुलगा, शाळेत शिकवणारी सून आणि आठवीतली नात.

२०१९ च्या पावसाळ्यात काका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते खांद्यासाठी. डावा खांदा जखडलेला, हात वर जाईना, चिठ्ठीवर फ्रोझन शोल्डर लिहिलेलं. मी चार महिने शेक दिला, पुली करून घेतली, भिंतीवर बोटं चढवायला लावली. खांदा थोडा सुटला, पूर्ण काही सुटला नाही. आणि या चार महिन्यांत आठवड्यातून तीनदा काका माझ्यासमोर चालत यायचे आणि चालत जायचे, उजवा हात मस्त पुढेमागे हलायचा आणि डावा अंगाला चिकटलेला, जणू कोणी शिवून टाकलाय. मला ते दिसत होतं. मी मनात म्हणायचे, खांदा दुखतोय म्हणून हात धरून चालतात. एका बाजूचा हात चालताना न हलणं आणि त्याच बाजूचा खांदा जखडणं ही कंपवाताची अगदी सुरुवातीची खूण असू शकते हे मी कॉलेजात शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. पण समोर खांदा होता म्हणून मी फक्त खांदाच बघितला. काकांचं निदान झालं त्यानंतर दोन वर्षांनी. ही माझी चूक, आणि ती इथे आधी लिहिल्याशिवाय बाकीच्यांच्या चुका लिहायचा मला हक्क नाही असं मला वाटतं.

घरातही खुणा होत्याच. काकू एकदा कोपिनेश्वरच्या देवळात गेल्या होत्या, गॅसवर आमटी ठेवून, काकांना सांगून की दहा मिनिटांनी बंद करा. परत आल्या तर जिन्यातच करपल्याचा वास, घरात धूर आणि काका हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले. त्यावरून जे भांडण झालं ते दोन दिवस चाललं. काका सांगत होते अगं मला वास आलाच नाही, आणि ते खरं होतं, वास जाणं हे या आजारात हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी होऊ शकतं. पोट साफ न होणं तर होतंच. रात्री झोपेत हातपाय झाडायचे, ओरडायचे, एकदा स्वप्नात कोणाला तरी मारायला गेले आणि काकूंच्या गालावर फटका बसला, तेव्हापासून काकू हॉलमध्ये झोपायला लागल्या. प्रत्येक गोष्टीला घरात वेगळं कारण होतं. वासाला सर्दी, पोटाला कमी पाणी पिणं, झोपेला मोबाईल. सगळं एका दोरीत ओवून बघायला कोणी नव्हतं. त्यात कोरोना आला, सगळ्यांच्याच तोंडावर मास्क, त्यामुळे काकांचा चेहरा हलेनासा झालाय, हसले तरी गाल वर जात नाहीत, हे कोणाच्या लक्षात येणार?

आजार पकडला तो बँकेच्या एका शिक्क्यानं. २०२१ च्या सुरुवातीला मेंटेनन्सचा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. काकांना भयंकर अपमान वाटला, ज्या माणसाची सगळी नोकरी एकसारख्या रेघा मारण्यात गेली त्याची सही जुळत नाही? नवीन सही द्यायला बँकेत गेले तर तिथे तीन वेळा सही केली, तिन्ही वेगळ्या, प्रत्येक सही आधीच्यापेक्षा बारीक, आणि आडनावापर्यंत येताना अक्षरं मुंग्यांएवढी. मागे लाईनीतला कोणीतरी म्हणाला, सकाळी सकाळीच लावून आलेत वाटतं. काका घरी येऊन काहीच बोलले नाहीत. हे मुलाला कळलं ते बँकेतल्या एका मुलीकडून, तिनं फोन करून सांगितलं की काका, म्हणजे तुमचे बाबा, ठीक आहेत ना, माझ्या आजोबांचं अक्षर असंच बारीक होत गेलं होतं, त्यांना पार्किन्सन्स होता, एकदा दाखवून घ्या. त्या मुलीला आम्ही कोणी कधी भेटलेलो नाही. अवेअरनेस म्हणतात तो हाच असं मला वाटतं, एका मुलीनं आपल्या आजोबांचं अक्षर नीट बघून ठेवलं होतं.

न्यूरोलॉजिस्टकडे गेल्यावर त्यांनी पहिलं काय मागितलं तर घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी. त्यात बीपीची होती, कोलेस्टेरॉलची होती आणि गॅससाठी म्हणून वर्षभर चाललेली एक कॅप्सूल होती, तिच्यात ॲसिडिटीच्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड होतं. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडे ही कॅप्सूल घराघरात खाल्ली जाते, एकदा डॉक्टरांनी दिली की मग मेडिकलमधून आपण आपली आणत राहतो. लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालींसाठी लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवतं, त्यानं चांगल्या माणसालाही कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, आणि ज्याला आधीच कंपवात आहे त्याचं वाढतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी महिनोन्महिने घेतलं जाणारं सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, हीही त्याच यादीतली. ती कॅप्सूल बंद केली, तीन-चार महिन्यांत काका थोडे मोकळे झाले, घरात सगळ्यांना वाटलं झालं, सुटलो. पण डाव्या हाताचं बोट अंगठ्यावर पुन्हा पुन्हा टेकवायला लावलं की पाच-सहा वेळानंतर हालचाल लहान लहान होत थांबायची, मनगट फिरवलं तर दातेरी चाकासारखं अडकत अडकत फिरायचं, ते काही गेलं नाही. म्हणजे गोळीनं वाढवलं होतं, पण मूळ आजार होताच.

मधे एक गंमत नाही, गोंधळ झाला तो एमआरआयचा. एमआरआय नॉर्मल आला आणि मुलानं सगळ्या नातेवाईकांना कळवून टाकलं की काही नाही, रिपोर्ट क्लिअर आहे. कंपवातात साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच असतो, तो करतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला. रक्ताची अशी कुठली टेस्ट नाही की जी करून हो की नाही कळेल. निदान होतं ते माणसाकडे बघून, त्याला चालायला लावून, वळायला लावून. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला त्यात फक्त सहा माणसांची हकीकत आहे, आणि त्यातले काही जण तर त्याला रस्त्यात चालताना दिसलेले. चालण्यावरून त्यानं ओळखलं. मी हे वाचते तेव्हा मला काकांचा तो डावा हात आठवतो.

थरथर म्हणाल तर काकांना फारशी नव्हतीच. नावात कंप आहे म्हणून लोक हात हलतोय का तेच बघतात, पण बऱ्याच जणांना थरथर अगदी कमी असते किंवा नसतेच, मुख्य असतं ते हालचाल मंद आणि लहान होणं आणि अंग कडक होणं. मेंदूत खोलवर काळपट रंगाचा एक भाग आहे, तिथल्या पेशी डोपामिन बनवतात, त्या हळूहळू कमी होत जातात, आणि हालचालींची लक्षणं दिसायला लागतात तोवर निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून जास्त लोकांना हा आजार होता.

गोळी सुरू झाली, लिव्होडोपा-कार्बिडोपा, मेंदूतलं डोपामिन भरून काढणारी, आणि पहिलं दीड-दोन वर्षं खरंच छान गेलं. काका परत तलावपाळीला, मित्रांच्या कट्ट्यावर जायला लागले. फक्त घरच्यांनी एक ठरवून टाकलं होतं, बाहेर कोणाला सांगायचं नाही. मुलाचं म्हणणं लोक चौकशा करतात, काकूंचं म्हणणं नातीच्या लग्नाच्या वेळी निघेल, नात तर तेव्हा आणखीच लहान! (यात आनुवंशिक केसेस साधारण दहा टक्केच असतात, हे काकूंना मी नंतर तीन वेळा सांगितलं.) न सांगितल्यामुळे झालं काय की कट्ट्यावरचे मित्र समजायला लागले, हा हल्ली आखडू झालाय, ओळख दाखवत नाही, जोकवर हसत नाही. आवाज बारीक झालेला, त्यामुळे चारचौघांत काका काही बोलले तर कोणाला ऐकू जायचं नाही आणि बोलणं त्यांच्यावरून पुढे निघून जायचं. २०२२ च्या दिवाळीनंतर काकांनी कट्ट्यावर जाणं बंद केलं.

मी परत त्या घरात गेले २०२३ च्या जूनमध्ये. काका बाथरूमच्या दारात पडले होते, हाड वाचलं होतं पण घरातले घाबरले होते. मला बघून काका म्हणाले, खांदा बरा आहे गं आता. मला काय बोलावं कळेना. त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की काका, मला तेव्हाच कळायला हवं होतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, चल, आता नीट बघ.

आणि त्या घरात जे बघितलं ते या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पडणं हा मुख्य प्रश्न नव्हताच. मुख्य प्रश्न होता एक वाक्य, जे मी पहिल्या तासात चार वेळा ऐकलं, दोनदा काकूंकडून, एकदा मुलाकडून, एकदा तर नातीकडून. ‘मगाशी तर चालत होतात ना!’

झालं होतं असं. सकाळी नऊ-दहाला काका खाली जाऊन दूध, पेपर, कोथिंबीर सगळं घेऊन यायचे, दोन मजले चढून. आणि दुपारी एक-दीडला हॉलमधून स्वयंपाकघरात जायला दहा पावलं टाकायची तर उंबरठ्यापाशी येऊन पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहायचे. वरचं अंग पुढे जातंय, पाय जागच्या जागी टकटक करतायत, पुढे येत नाहीत. जिना चढणारा माणूस उंबरठा ओलांडू शकत नाही हे कोणाला पटेल? काकूंना वाटायचं ताटावर बसायला बोलावलं की यांचं सुरू होतं, लक्ष वेधून घेतात. मुलाला वाटायचं बाबांनी मनानं हाय खाल्लीय, जोर लावला तर जमेल, म्हणून तो मागून ढकलायचा किंवा दोन्ही हात धरून ओढायचा. आणि काका मला एकटं असताना म्हणाले, मलाच कळत नाही मी नाटक करतो का, कारण सकाळी मला जमतं.

तर दोन्ही खरं असतं. सकाळचं चालणंही खरं आणि दुपारचं अडकणंही खरं. आजार जुना होत जातो तसा गोळीचा असर कमी वेळ टिकतो, सुरुवातीला गोळ्या दिवसभर पुरतात असं वाटतं, मग चार तास, मग तीन. गोळी चढलेली असते तेव्हा माणूस चालू, उतरली की बंद, पेशंट लोक ऑन-ऑफच म्हणतात. आणि जिन्याचं म्हणाल तर पायरी डोळ्यांना दिसते, पाय कुठे ठेवायचा ते ठरलेलं असतं, म्हणून मेंदूला सोपं जातं. सपाट लादीवर, दारात, अरुंद जागी, वळताना ते आपोआप होणारं गणित चुकतं. हे सगळं मी त्या घरात सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत ‘मगाशी तर’. सांगून होत नाही.

झालं ते काकांमुळे. मी त्यांना म्हटलं एक वही करा, कधी चालू कधी बंद ते लिहा. लिहायला नको म्हणाले, अक्षराची लाज वाटत होती. मग म्हणाले, आलेख काढू का? कपाटातून जुना ग्राफ पेपर निघाला, कडा पिवळ्या पडलेला, आणि ड्रॉइंगची रोटरिंगची पेनं वाळून गेलेली म्हणून नातीची रंगीत स्केचपेनं. आडवं घड्याळ, सकाळी सहा ते रात्री दहा, उभं शून्य ते चार, शून्य म्हणजे खुर्चीतून उठता येत नाही, चार म्हणजे जिना. गोळी घेतली तिथे लाल टिंब, जेवलं-खाल्लं तिथे हिरवं. रेघ त्यांनी स्वतः मारली, पट्टी धरून, हात अडखळत होता पण पट्टीला टेकवला की रेघ सरळ येत होती. सात दिवसांचे सात कागद हॉलच्या भिंतीवर चिकटवले.

सात दिवसांनी कोणाला काही सांगावं लागलं नाही. सातही कागदांवर साडेबारापासून तीनपर्यंत दरी. रोज. त्याच जागी. काकू भिंतीसमोर उभ्या राहिल्या बराच वेळ, मग म्हणाल्या, हे तर माझ्या जेवणाचं टाइमटेबल आहे. आणि खरंच होतं, दुपारची गोळी काका जेवणाबरोबर, वरण-भात, उसळ, दही, यांच्यासोबत घ्यायचे कारण आपल्याकडे गोळी म्हटली की जेवणानंतर. लिव्होडोपा शोषलं जातं आतड्यात आणि तिथे प्रथिनं त्याच्या वाटेत येतात, दोघांना एकाच दारातून जायचं असतं. म्हणजे गोळी पोटात जायची पण मेंदूपर्यंत पोचायला उशीर व्हायचा किंवा कमी पोचायची, आणि सकाळची उतरलेली. काकू त्यानंतर आत जाऊन रडल्या. मला म्हणाल्या, मी यांना इतके दिवस नाटकी म्हणतेय गं. मी तरी काय बोलणार होते, मी चार महिने खांदा शेकला होता.

ते सात कागद घेऊन मुलगा न्यूरोलॉजिस्टकडे गेला. एरवी पाच मिनिटांच्या भेटीत कसे आहात, ठीक आहे, एवढंच व्हायचं, आणि तीही भेट बहुतेक काका चालू असतानाची. डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरले आणि वेळा बदलून दिल्या. आधी तीन वेळा होती ती गोळी आता सात, अकरा, तीन, सात अशी चार वेळा, जेवणाच्या निदान अर्धा तास आधी, डोस पण थोडा फिरवला. डोस आपल्या मनानं कोणी बदलू नका आणि अचानक बंद तर कधीच करू नका, त्यानं ताप, अंग कडक, शुद्ध हरपणं इथपर्यंत जाऊ शकतं. याच सुमारास कोणीतरी नातेवाईकानं कुहिलीचं चूर्ण आणून दिलं होतं, आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही म्हणून. कुहिलीच्या बियांत लिव्होडोपाच असतं, म्हणजे वरून आणखी डोस, तोही न मोजलेला. ते डॉक्टरांना सांगितलं आणि बाजूला ठेवलं. प्रथिनं बंद नाही केली हं, उसळ रात्रीच्या जेवणात जास्त घेतली, माणूस सुकून चालत नाही.

घरात जे केलं ते खर्चिक काहीच नव्हतं. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत लाल टेपच्या आडव्या पट्ट्या, साधारण एकेका पावलावर, उंबरठ्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. काका पट्टी ओलांडायला पाय उचलतात आणि जिन्यासारखंच होतं. पायपुसणी उचलली. पलंगावर मधोमध काकूंची जुनी गुळगुळीत सिल्कची साडी घडी करून खोचली, कुशीवर वळताना अंग सरकावं म्हणून. अडकले की ढकलायचं नाही, ओढायचं नाही, थांबायचं, श्वास घ्यायचा, वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवायचं आणि मग ठेका धरून निघायचं. ठेक्यासाठी मी मोबाईलवर मेट्रोनोम लावला, तो काकांना अजिबात आवडला नाही. शाळेत लेझीम पथकात होते म्हणे. मग लेझमीचे आकडे, एक-दोन-तीन-चार, काका मोठ्यानं म्हणतात आणि निघतात, आवाजाचा व्यायामही त्यातच होतो. पहिल्यांदा उंबरठा ओलांडला तेव्हा नातीनं टाळ्या वाजवल्या आणि काका पलीकडे जाऊन परत अलीकडे आले, उगाचच.

व्यायाम रोज चाळीस मिनिटं, मोठ्या मोठ्या हालचाली, सकाळी चालू असताना कचराळी तलावावर दोन फेऱ्या. व्यायाम या आजारात ऐच्छिक विषय नाही, तो गोळीइतकाच लागतो, हे मी प्रत्येक घरात सांगते.

मग फेब्रुवारी २०२४, हर्नियाचं ऑपरेशन. इथे आम्ही परत घसरलो, आणि यावेळी सगळे मिळून. छोटं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, म्हणून कोणी विचारच केला नाही. वॉर्डमध्ये गोळ्या वॉर्डच्या वेळेनं, नऊ, दोन, रात्री नऊ, मधली गोळी राऊंडमुळे साडेतीनला. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलं तेव्हा सकाळची पण गेली. नंतर मळमळ झाली म्हणून इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला मुलाचा फोन, बाबा लाकडासारखे झालेत, पाणी दिलं तर ओठातून बाहेर येतंय, इथे म्हणतात वय आहे, ॲनेस्थेशियाचा असर आहे. मी म्हटलं फाईलवर इंजेक्शनचं नाव वाच. त्यानं एकेक अक्षर वाचलं, मेटोक्लोप्रामाइड. त्याच रात्री त्यानं न्यूरोलॉजिस्टचं आणि वॉर्डच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून दिलं, ते इंजेक्शन बंद झालं, गोळ्या घरच्या वेळेवर सुरू झाल्या. ड्युटीवरच्या सिस्टरनी स्वतःच्या मोबाईलवर चार अलार्म लावले. दोन दिवसांचं ॲडमिशन आठ दिवसांचं झालं, आणि घरी आल्यावर परत जिना चढायला काकांना सहा आठवडे लागले.

आता काकांच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड असतं, स्केचपेननं नातीनं लिहिलेलं, वर लॅमिनेशन. मला कंपवात आहे, मी प्यायलेलो नाही. माझ्या गोळ्या सात, अकरा, तीन, सात, मिनिटही पुढेमागे नको. खाली मळमळीची, चक्करेची, भ्रमाची जी औषधं चालत नाहीत त्यांची नावं, डॉक्टरांकडून तपासून घेतलेली. पुढच्या वेळी दातांचं जरी काही असलं तरी हे कार्ड आधी दाखवायचं, आणि ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारायचं की उपाशी असताना घोटभर पाण्याबरोबर ही गोळी चालेल का, बहुतेक वेळा चालते. दिव्यांग कार्डाचंही झालं, २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्स स्पष्ट लिहिलेला आहे हे मुलाला माहीतच नव्हतं. काका आधी मी अपंग नाही म्हणून बसले होते, लोकलच्या दिव्यांग डब्यात एकदा बसून आल्यावर काही बोलले नाहीत.

काकूंबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळे मला विचारतात काका कसे आहेत. काकूंची कंबर गेली होती, रात्री तीनदा उठणं, भजनी मंडळ सुटलं होतं आणि मनात ते ‘नाटकी’ म्हटल्याचं टोचत होतं. मी त्यांना पार्किन्सन्सच्या सपोर्ट ग्रुपला जायला सांगितलं. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी २००१ पासून हे काम करते, पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. काकू आधी म्हणाल्या तिथे सगळे आजारी बघून मला आणखीनच कसंतरी होईल. गेल्या, आणि परत आल्या त्या एकच गोष्ट घेऊन, तिथे एक बाई म्हणाली की मी पण ह्यांना नाटकी म्हणायचे. त्यानंतर काकू एकही मीटिंग चुकवत नाहीत. मंगळवारी संध्याकाळी नात आजोबांजवळ बसते, काकू भजनाला जातात.

मागच्या ११ एप्रिलला, जागतिक पार्किन्सन्स दिवस असतो, जेम्स पार्किन्सनचा जन्मदिवस, काकांनी बिल्डिंगच्या बोर्डवर नोटीस लावली. स्वतःच्या हातानं लिहिलेली, दोन ओळींमध्ये पट्टीनं मोठ्या रेघा आखून, कारण रेघा असल्या की अक्षर मोठं येतं. ‘मला कंपवात आहे. मी हसलो नाही तरी मला तुम्हाला भेटून आनंद होतो. जिन्यात घाई करू नका, मला वेळ लागतो.’ मी म्हटलं मुलाला विचारलंत का, तर म्हणाले बोर्ड माझा आहे. गच्चीत बोलायचं ठरलं होतं, चाळीसेक घरांतून अकरा लोक आले, त्यातले दोघं चहासाठी. पण कट्ट्यावरचे तिघं मित्र न बोलावता आले. आणि तळमजल्यावरच्या एक आजी दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन माझ्याकडे आल्या, नाकाला वास नाही, तोंडाला चव नाही, खांदा धरलाय. मी आधी त्यांना पॅसेजमध्ये चालायला लावलं, मग खांद्याला हात लावला.

काका बरे झालेले नाहीत, हा आजार बरा होत नाही, पुढे सरकतो. दोन महिन्यांपासून संध्याकाळी त्यांना कोपऱ्यात मांजर दिसतं, नसलेलं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आलेखावर संध्याकाळी सहाच्या पुढे एक बारीकसं मांजराचं चित्र काढून ठेवलं होतं, काकूंनी ते बघितलं आणि विचारलं. हे भास कमी व्हावेत म्हणून डॉक्टरांनी एक गोळी कमी केलीय, मांजर आता आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, पण कमी केलेल्या गोळीमुळे दुपारची दरी थोडी परत आलीय. पुढच्या गुरुवारी दाखवायला जायचंय, सात नवे कागद भिंतीवर लागलेत.

काल मी गेले तेव्हा दीड वाजला होता. काका उंबरठ्याशी उभे होते, पाय टकटक करत. काकू ताट वाढून आत बसल्या होत्या, त्यांनी हाक मारली नाही, आमटीवर झाकण ठेवलं आणि लेझमीचे आकडे म्हणायला लागल्या, एक, दोन, तीन, चार.